तान्ह्या पोळ्याचं आवतन

आमच्या गल्लीत तान्ह्या पोळ्याला चॉकलेट न देणारं घर एकच, आणि ते किराणा दुकानदाराचं. दुकानाच्या दारातच गोळ्यांच्या बरण्या आहेत, वर चिप्सच्या पाकिटांच्या माळा लटकतात. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपले लाकडी नंदी ओढत ओट्यावर आली की मी त्यांच्या हातात ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा ठेवते. आमचे हे म्हणतात, "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यली तू." मी म्हणते, पाय माझा आहे, तुम्ही गिऱ्हाईक पाहा.

विदर्भाबाहेरच्या लोकांना हा सण सांगावा लागतो. पोळा बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत दारोदार न्यायचा. घरच्या बाईनं त्या बैलाला कुंकू लावायचं आणि पोराला काहीतरी द्यायचं. या देण्याला बोजारा म्हणतात. आमच्या सिंदीला तर या दिवशी माणसाहून उंच नंदी निघतात, बाहेरगावचे लोक पाहायला येतात. पण माझा जीव त्या मोठ्या नंद्यांमध्ये कधी रमला नाही. मला गल्लीतले वीतभर उंचीचेच बरे वाटतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक घर आहे, माझ्या ओट्यापासून तीस पावलांवर. त्या घरातली सहा वर्षांची मुलगी तान्ह्या पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गेली. शेवटच्या सणाला ती माझ्या ओट्यावर बराच वेळ होती. तिथे जे झालं ते मी तिच्या आईला सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं ती बाई माझ्या दुकानातून तेल, साखर, साबण नेत होती, आणि मी तिला सुटे पैसे परत देताना तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते.

झालं ते असं. त्या वर्षी उकाडा भलता होता. पाऊस येतो येतो म्हणत होता आणि येत नव्हता. सकाळी पोरांनी दारात लावलेले पळसाच्या फांद्यांचे डगाळे उपटले आणि "रोगराई घेऊन जाय गे मारबत" ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन टाकले. त्यात तीही होती. आवाज मोठा, अंग मात्र वाळलेलं. मला वाटलं, उंच होऊन राह्यली पोरगी. रोगराई गावाबाहेर टाकायला जी पोरं निघाली होती त्यांच्यातल्याच एकीच्या अंगात ती बसलेली होती, आणि हे आमच्यापैकी कोणाला दिसलं नाही.

दुपारी ती नंदी घेऊन आली. तिचा नंदी तिच्या बापानं केलेला. बाप जिनिंगमध्ये कामाला, हात सुताराचा नाही. तीन चाकं लाकडाची झाली, चौथं करताना फळी फुटली, म्हणून त्यानं तिथे पत्र्याच्या डबीचं झाकण ठोकलं. त्यामुळे तो नंदी चालताना दर फेऱ्याला एकदा करकरायचा आणि एकदा टक्क वाजायचा. गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा तो आवाज ओळखू यायचा.

मी नंदीला कुंकू लावलं, तिला गोळ्या दिल्या. ती म्हणाली, "काकू, पाणी द्या." दिलं. ती गेली नाही, ओट्यावर बसून राहिली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पाणी." पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा मी हसले. म्हटलं, "काय वं, विहीर घेऊन आली का पोटात?" समोर उभ्या पोरांनाही हसू आलं. ती हसली नाही. सणासुदीला पोराला नुसतं पाणी काय द्यायचं, म्हणून मी आत जाऊन संत्र्याचं शरबत कालवलं आणि तिच्या हाती दिलं. मनात आलं होतं, हिच्या आईला सांगावं, पोरगी भारी पाणी पिऊन राह्यली. तीस पावलं होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

चौथ्या दिवशी तिला वर्ध्याला नेलं, आणि त्याच संध्याकाळी परत आणलं. तिच्या बापानं नंतर ओट्यावर बसून आमच्या यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, रक्तात साखर वाढली होती. एवढ्या लहान लेकरांनाही ही बिमारी होते. गोड खाल्ल्यानं होत नाही, अंगातलंच काहीतरी बंद पडतं. तहान फार लागते, लघवीला सारखं जावं लागतं, अंग वाळत जातं. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन तपासलं असतं तर कळलं असतं. मी पडद्यामागे उभी राहून ऐकत होते. "तहान फार लागते" हे शब्द आले तेव्हा मी पडदा घट्ट धरला. त्याची एक कडी तुटली, ती आजही तशीच आहे.

म्हणजे माझ्या गोळ्यांनी आणि शरबतानं तिला काही झालं नाही. हे डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. पुढच्या पोळ्याला माझा हात गोळ्यांच्या बरणीकडे जाईना. मग मी दुसरंच सुरू केलं. ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कढीपत्ता आणि थोडं मीठ-हळद. सोबत दोन खारका. शिंप्याकडून चिंध्या आणून त्यांच्या लहान थैल्या शिवल्या. प्रत्येकीत खाऊ आणि एक वस्तू: कोणाला भोवरा, कोणाला रंगीत खडू, कोणाला दोरीवरच्या उड्यांची दोरी, आणि प्रत्येकाच्या नंदीसाठी एक घुंगरू. पोरांनी पहिल्या वर्षी तोंडं वाकडी केली. एक धीट पोट्टं म्हणालं, "काकू, तुमचं दुकान बंद पडून राह्यलं का?" पण घुंगरू बांधल्यावर गल्ली अशी वाजायला लागली की दुसऱ्या गल्लीतले येऊन विचारायला लागले. खाऊपेक्षा वस्तूचं अप्रूप जास्त टिकतं हे मला तेव्हा कळलं, दुकानात इतकी वर्षं बसून कळलं नव्हतं.

त्या पहिल्याच वर्षी एक गोष्ट झाली. पोरांची रांग संपत आली होती. शेवटच्या मुलाच्या नंदीला कुंकू लावताना तो मागे वळून म्हणाला, "काकू, मांगून अजून एक नंदी येऊन राह्यला." मी मान वर केली. गल्ली रिकामी. सगळे मोठे नंदी पाहायला चौकाकडे गेले होते, भोंग्याचा आवाज तिकडून येत होता. आणि त्या आवाजाखाली मला ऐकू आलं, करकर, टक्क. थोडं थांबून पुन्हा करकर, टक्क. माझ्या फाटकाच्या पलीकडे, भिंतीच्या आड. मग ते थांबलं. मी कुंकवाची वाटी हातात धरून उभी राहिले. फाटकापर्यंत जाऊन पाहायला मला दहा पावलं लागली असती. मी गेले नाही. जरा वेळानं तोच आवाज लांब लांब जात कोपऱ्याकडे गेला आणि बंद झाला.

मी भित्री नाही. पण त्या दिवशी मी आत येऊन दार लावलं आणि भर उजेडात देवाजवळचा दिवा लावला. यांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं, उंदीर आहेत. यांनी दुसऱ्या दिवशी पिंजरा आणून ठेवला.

आता मागच्या पोळ्याचं. माझं माहेर शेतकऱ्याचं, देवळीकडचं. तिथे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि बैलाच्या कानाशी बोलून त्याला जेवायचं आमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माझा बाप हे अगदी हळू म्हणायचा, घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं. त्याचा एक नियम होता. ज्या खुंट्याला बैल नाही त्या खुंट्यासमोर आवतन बोलायचं नाही. एका साली आमचा एक बैल पोळ्याआधी मेला, तेव्हा बापानं गोठ्यात शिरताना स्वतःच्या तोंडावर गमछा बांधला होता. मी विचारलं, काऊन? तो म्हणाला, "सवयीनं तोंडातून गेलं त तो येईल. बोलावल्यावर तो थोडी थांबणार आहे."

दुकानदाराच्या घरात बैल नाहीत. पण थैल्या शिवायला लागल्यापासून मी माहेरची रीत पोरांसाठी लावली. किती पोरं येणार हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर खाऊ उरतो किंवा पुरत नाही. म्हणून पोळ्याच्या दिवशी सकाळी मी गल्लीत दारोदार जाते, पोराचा कान हलका धरते आणि म्हणते, आज आवतन घ्या, उद्या बोजारा घ्याले या. पोरं खूश होतात, स्वतः बैल झाल्यासारखी मान हलवतात. कोपऱ्यावरचं घर आलं की मी पदर सावरत, खाली पाहत पुढे जाते.

मागच्या वर्षी त्या घराशेजारी नवीन भाडेकरू आले होते, जुळी मुलं. त्यांना आवतन देऊन मी निघाले. डोक्यात हिशेब चालू होता, दोन भोवरे वाढवले पाहिजेत, लाह्या अर्धा किलो जास्त. पाय आपोआप पुढच्या दारापाशी थांबले. दार अर्धं उघडं होतं, आत अंधार. आणि माझ्या तोंडातून गेलं. आज आवतन घ्या, उद्या बोजारा घ्याले या.

वाक्य पुरं झालं तेव्हा मला कळलं मी कुठे उभी आहे. मी जीभ चावली. मागे फिरणार तेवढ्यात आतून, त्या अंधारातून आवाज आला.

"हो."

बारीक, घोगरा. बाईचा की लेकराचा सांगता येईना. मी वळले आणि चालत सुटले, पळता येत नव्हतं म्हणून चालत. घरी येऊन मी घटाघटा तांब्याभर पाणी प्यायले. यांनी विचारलं, "काऊन वं, चेहरा काऊन असा?" मी म्हटलं, ऊन. आभाळ भरून आलेलं होतं.

त्या संध्याकाळी थैल्या भरल्या. पोरं होती तेवीस, जुळ्यांना धरून. मी बोटांवर मोजून तेवीस भरल्या, दोनदा मोजल्या. सकाळी उठून पाहिलं तर परातीत चोवीस. आता मला माहीत आहे, माझ्याच हातांनी ती चोविसावी भरली होती, तोंडानं एक आवतन जास्त दिलं होतं ते हाताला माहीत होतं. पण त्या सकाळी मी त्या परातीकडे असं पाहत होते की तिला हात लावायची हिंमत होईना. आमचे हे मदतीला आले, थैल्या ओट्यावर नेऊन ठेवल्या आणि म्हणाले, "एक जास्तीची हाय, मी खाऊ का?" मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते बिचारे दुकानात जाऊन बसले.

पोरं आली. दुपारभर ओट्यावर घुंगरं वाजत होती. मी कुंकू लावत होते, थैल्या देत होते आणि माझं लक्ष सगळं फाटकाकडे होतं. चार वाजता जुळी आली. त्यांचा नंदी एकच होता, त्यावरून त्यांची मारामारी झाली, मी दोघांनाही एकेक धपाटा दिला आणि एकेक थैली दिली. पाचपर्यंत तेवीस संपल्या. पोरं चौकाकडे पळाली. गल्ली तशीच झाली, आदल्या वर्षीसारखी. एकही दार वाजत नव्हतं, नळावर कोणी नव्हतं. परातीत एक थैली राहिली, निळ्या चिंधीची.

मी आत जायला उठले आणि ते सुरू झालं. करकर, टक्क.

कोपऱ्याकडून. या वेळी थांबत नव्हतं. एकसारखं जवळ येत होतं, जितक्या हळू एखादं लहान पोर दोरी ओढेल तितक्या हळू. मनात एकच आलं, मी बोलावलं आहे, आता नाही म्हणता येणार नाही. आवाज भिंतीपाशी आला. फाटकापाशी आला. फाटकाची कडी वर गेली. आधी नंदी आत आला, तेच झाकणाचं चाक, शिंगांना जुन्या बेगडीचे तुकडे. त्याच्या मागे दोरी, आणि दोरीच्या टोकाला तिची आई.

अंगावर नेहमीचं पातळ, केस विंचरलेले, पायात चप्पल नाही. तिशीची बाई, पण दोरी धरायची पद्धत लेकराची, दोन्ही हातांनी, पोटाशी.

"काकू, आवतन देलं होतं ना तुमी," ती म्हणाली. "म्हणून आली."

मी म्हटलं, "चुकून गेलं वं माह्या तोंडातून. राग नको मानू."

"मले वाटलंच चुकून असन. तरी मी हो म्हटलं." ती ओट्याखाली थांबली. "मांगच्या साली पन आलती मी. तुमच्या फाटकापर्यंत. तुमी आवतन नव्हतं देलं, म्हणून परतली."

माझ्या अंगातली भीती तिथल्या तिथे गेली आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. म्हणजे त्या वर्षी भिंतीच्या आड ही उभी होती, आणि मी आत जाऊन दार लावलं होतं. मी खाली उतरले, नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं. थोडं त्याच्या डोळ्यावर सांडलं. तिनं पदरानं ते पुसलं. मी निळी थैली तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली नाही.

"त्या दिवशी ती तुमच्या इथं खूप वेळ बसली होती म्हणतात," ती म्हणाली. "पोट्टे सांगत होते. काय करत होती?"

दोन वर्षं मी ज्या प्रश्नाला भीत होते तो असा साध्या आवाजात आला. मी ठरवलं, आता बास.

"पाणी मांगत होती," मी म्हटलं. "दोन डाव मी देलं. तिसऱ्या डावाले मांगतलं त मी हसली तिच्यावर, पोट्ट्यांदेखत. मंग शरबत देलं. मले तुले सांगायचं होतं वं बाई, का पोरगी पाणी लय पेऊन राह्यली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी सांगतलं नाई. सांगतलं असतं त तू तिले त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं."

बोलून झाल्यावर मी वाट पाहत राहिले. तिनं मला मारलं असतं तर मी गाल पुढे केला असता. शिव्या दिल्या असत्या तर त्या मला हव्याच होत्या. ती ओट्याच्या पायरीवर बसली, नंदीला जवळ ओढून घेतलं.

"मले मालूम होतं, काकू," ती म्हणाली. "पाणी पेते ते. आठ दिवसांपासून अंथरूण ओलं करून राह्यली होती. एवढी सहा वर्साची पोरगी. मले वाटलं, जास्तीचं पाणी पेते म्हणून करते. मी तिचं पाणी बंद केलं. माठावर फळी ठेवली आन् फळीवर वरवंटा. तिच्यानं तो उचले नाई."

चौकातला भोंगा मध्येच बंद पडला होता. ती काय बोलते ते सगळं ऐकू येत होतं, न ऐकण्याची सोय उरली नव्हती.

"राती उठून मांगे. मी म्हणो, झोप मुकाट्यानं. तिच्या बापाले हे मालूम नाई. कोणालेच नाई." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "म्हणून तुमच्या इथं बसली होती ती. मले फक्त एवढंच पुसायचं होतं. दोन वर्सं झाले पुसायचं होतं. तुमच्या इथं पोटभर पेली का?"

"हो," मी म्हटलं. "पोटभर पेली."

तिनं मान हलवली. तिचे खांदे जरा खाली आले. ती उठली, थैली कमरेला खोचली आणि नंदी ओढत कोपऱ्याकडे गेली. मी फाटकात उभी राहून ती दाराआड जाईपर्यंत पाहत होते.

तिला सगळं खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं, आणि सांगितलंही, एवढं एक सोडून. शरबत पिऊन झाल्यावर त्या पोरीनं रिकामा ग्लास पुन्हा माझ्यापुढे धरला होता. मी तो तिच्या हातातून घेतला आणि मोरीत नेऊन ठेवला.